मालकीची कुस्ती

१९८९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे एक विधेयक आले. व्यावसायिक कुस्तीवरची राज्याच्या क्रीडा मंडळाची देखरेख काढून टाकावी, एवढाच त्याचा विषय होता. त्यासाठी धडपडणारी कंपनी होती वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन, म्हणजे नव्वदीच्या दशकात आपल्याकडच्या पोरापोरांना तोंडपाठ झालेली डब्ल्यूडब्ल्यूएफ. आमच्या लढती म्हणजे खऱ्या स्पर्धा नव्हेत, प्रेक्षकांची करमणूक हाच त्यांचा मुख्य हेतू आहे, असे कंपनीने स्वतःहून कबूल केले. या कबुलीमागचे कारण रोकडे होते. कुस्ती हा खेळ ठरला की मल्लांना परवाना लागे, लढतीपूर्वी त्यांची वैद्यकीय तपासणी करावी लागे आणि दूरचित्रवाणीच्या उत्पन्नावर राज्याला कर द्यावा लागे. करमणूक ठरली की या तिन्हींतून सुटका.

ही कबुली किती मोठी होती, हे कळायला दोनच वर्षे मागे जावे लागते. लढतीचा निकाल आधी ठरलेला असतो, ही गोष्ट या धंद्याने दोन-तीन पिढ्या जिवापाड जपली होती. नायक आणि खलनायक यांनी एका हॉटेलात उतरायचे नाही, एका टेबलावर जेवायचे नाही, घरच्यांपुढेही तोंड उघडायचे नाही, असा दंडक होता. मे १९८७ मध्ये याच न्यू जर्सीत पोलिसांनी एक मोटार अडवली. आत जिम डगन आणि आयर्न शेख हे रिंगमधले हाडवैरी शेजारी शेजारी बसलेले होते. त्यांच्याकडे अमली पदार्थ सापडले, हा बातमीचा एक भाग होताच; पण दोन वैरी एका गाडीतून निघाले आहेत हे जगाला कळले, हा धंद्याच्या लेखी त्याहून मोठा गुन्हा होता. दोघांनाही कंपनीने काढून टाकले. मल्लाने उघड केले तर नोकरी जाणार असे हे गुपित होते, आणि दोन वर्षांनी मालकाने तेच कर वाचवण्यासाठी सरकारदरबारी उघड केले.

या पुस्तकाला सुरुवात करण्यासाठी मला यापेक्षा योग्य प्रसंग दिसत नाही. व्यावसायिक कुस्तीवर बोलताना लोक पहिला प्रश्न विचारतात की हे खरे की खोटे. तो प्रश्न न्यू जर्सीत कायमचा निकालात निघाला. उरलेला प्रश्न मालकीचा आहे. शहर कुणाचे, शनिवारची दूरचित्रवाणीवरची वेळ कुणाची, पट्टा कुणाचा, मल्लाचे नाव कुणाचे, त्याच्या लढतीची चित्रफीत कुणाची, आणि त्याचा मोडलेला गुडघा कुणाचा? गेल्या शंभर वर्षांत या धंद्यात ज्या खऱ्या, आधी न ठरलेल्या झुंजी झाल्या, त्या या प्रश्नांवर झाल्या. त्यांतल्या बहुतेक झुंजी मालकांनी जिंकल्या. गुडघा तेवढा मल्लाकडे राहिला.

लाल मातीत वाढलेल्या मराठी वाचकाच्या मनात इथेच एक आडकाठी येईल, याची मला कल्पना आहे. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या माणसाला नुरा कुस्ती ओळखायला क्षणभरही लागत नाही. मैदानात दोघे पैलवान नुसते झोंबाझोंबी करत राहिले की प्रेक्षक ओरडून उठवतात. अशा माणसाला निकाल ठरवून केलेल्या कुस्तीवर अख्खे पुस्तक कशाला, असे वाटणे साहजिक आहे. त्याला मी एवढेच सांगेन की निकाल ठरलेला असला तरी पडणे ठरवून हलके करता येत नाही. रिंगच्या कापडाखाली पातळ गादी असते, गादीखाली लाकडी फळ्या आणि त्याखाली लोखंडी तुळया. त्यावर शंभर-सव्वाशे किलोचा माणूस आठवड्यातून चार-पाच रात्री पाठीवर आपटतो. मणके, मान, मेंदू यांना पटकथा कळत नाही. ज्या कामात इजा खरी आणि स्पर्धा खोटी, त्या कामगाराला खेळाडूचे संरक्षण मिळत नाही आणि नटाचेही मिळत नाही. माझ्या मते या धंद्याचा सगळा नफा याच मोकळ्या जागेत उभा राहिला आहे.

सुरुवातीला मात्र ही कुस्ती अशी नव्हती, आणि तिचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. १९१० साली गामा पैलवान लंडनला गेला. त्याची उंची पाहून त्याला आयोजक लढत द्यायला तयार नव्हते. मग आव्हाने देऊन त्याने लढती मिळवल्या. अमेरिकेच्या डॉक्टर रोलरला त्याने हरवले. १० सप्टेंबरला पोलंडच्या स्टानिस्लाव झ्बिस्कोशी त्याची गाठ पडली. झ्बिस्को अडीच तासांहून जास्त वेळ मॅटला चिकटून राहिला, कुस्ती बरोबरीत सुटली, आणि आठवड्याने ठरलेल्या फेरलढतीला तो आलाच नाही. अशी निकालाशिवायची, तासन्‌तास जमिनीवर रेंगाळणारी खरी कुस्ती तिकीट काढून आलेल्या माणसाला बघवत नाही, हे आयोजकांच्या लक्षात येत चालले होते. १९११ मध्ये शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये फ्रँक गॉच आणि जॉर्ज हॅकनश्मिट यांची लढत बघायला सुमारे ३० हजार माणसे आली. पण गॉच निवृत्त झाल्यावर अमेरिकेतली गर्दी ओसरली. दुसरीकडे गावोगाव फिरणाऱ्या जत्रांतले कुस्तीचे तंबू चांगले चालत होते. तिथे लढतीचा वेळ, रंग आणि शेवट तंबूवाला ठरवत असे, आणि लोक पैसे देऊन पुन्हा येत.

१९२० च्या दशकात तीन माणसांनी ही तंबूची विद्या मोठ्या सभागृहात आणली: मल्ल एड ‘स्ट्रँग्लर’ लुईस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि डावपेच रचणारा टूट्स माँट. त्यांनी लढतीला वेळेची मर्यादा घातली, उड्या आणि फेकाफेकी वाढवली, एकच संच घेऊन शहरोशहरी फिरायला सुरुवात केली. विजेता कोण हे तिकीटविक्री बघून ठरू लागले. १९२५ च्या जानेवारीत त्यांनी वेन मन या फुटबॉल खेळाडूला लुईसवर विजय मिळवून दिला. मन धिप्पाड होता, देखणा होता, लोकांना आवडेल असा होता. त्याला कुस्ती येत नव्हती, ही बाब गौण मानली गेली. १५ एप्रिलला फिलाडेल्फियात त्याच्यासमोर झ्बिस्कोला उभे केले. ठरल्याप्रमाणे झ्बिस्कोने हरायचे होते. पण विरोधी गोटाने त्याला आधीच आपल्याकडे वळवले होते. चाळिशी कधीच ओलांडलेल्या त्या माणसाने हजारो लोकांसमोर मनला खऱ्या कुस्तीने धरले आणि पुन्हा पुन्हा त्याचे खांदे टेकवले. पंचाला निकाल द्यावाच लागला. महिना-दीड महिन्यात तो किताब झ्बिस्कोकडून विरोधी गोटाच्या जो स्टेकरकडे पोचला. हाच झ्बिस्को १९२८ साली पतियाळ्यात पुन्हा गामासमोर आला आणि मिनिटभराच्या आत चितपट झाला.

फिलाडेल्फियाच्या त्या रात्रीचा धडा धंद्याने नीट गिरवला. किताब ही मालमत्ता आहे, आणि ती ज्याच्या कमरेला बांधायची तो माणूस एक तर विश्वासाचा हवा, नाही तर बांधलेला हवा. १९४८ मध्ये आयोवातल्या वॉटर्लू इथे मध्य-पश्चिमेकडच्या आयोजकांनी नॅशनल रेसलिंग अलायन्स स्थापन केली. देश वाटून घेतला गेला. सेंट लुईस सॅम मचनिकचे, तसे प्रत्येक शहराला आपापले मालक. एकाच्या हद्दीत दुसऱ्याने कार्यक्रम लावायचा नाही. मालकाशी भांडणाऱ्या मल्लाला दुसऱ्या हद्दीतही काम द्यायचे नाही. जगज्जेता एकच, आणि तो पाळीपाळीने सगळ्यांच्या गावी फिरायचा. त्या जागी लू थेझसारखा माणूस निवडला गेला, कारण कुणी दगा करायला गेलाच तर तो खरी कुस्ती करून पट्टा वाचवू शकत होता. शिवाय विजेत्याकडून अनामत रक्कम घेतली जाई. ही व्यवस्था इतकी उघड मक्तेदारी होती की अमेरिकेच्या न्याय खात्याने चौकशी केली, आणि १९५६ मध्ये संघटनेला तडजोडीच्या आदेशावर सही करावी लागली. कागदावर मक्तेदारी संपली. प्रत्यक्षात हद्दी पंचवीस वर्षे तशाच राहिल्या. अनामतीचा शेवट तर १९९१ मध्ये पाहायला मिळाला. डब्ल्यूसीडब्ल्यू या कंपनीशी बिनसल्यावर तिचा विजेता रिक फ्लेअर याने अनामत परत मिळेपर्यंत पट्टा आपल्याकडेच ठेवला, आणि तो पट्टा प्रतिस्पर्धी डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कार्यक्रमात झळकला.

दूरचित्रवाणी आली तेव्हा तिला स्वस्त कार्यक्रम हवा होता. एक रिंग, दोन माणसे, डोक्यावर दिवे; कुस्तीइतके स्वस्त दुसरे काही नव्हते. सोनेरी कुरळ्या केसांचा, झगा घालून अत्तर फवारत येणारा गॉर्जस जॉर्ज त्या काळात घरोघरी पोचला. पण प्रादेशिक आयोजकांनी दूरचित्रवाणीकडे शेवटपर्यंत जाहिरात म्हणूनच पाहिले. पडद्यावर फुटकळ लढती दाखवायच्या, वैर पेटवायचे, आणि त्याचा निकाल बघायला लोकांना शुक्रवारी तिकीट काढायला लावायचे. पैसा तिकिटात होता. हे गणित बदलले ते विन्स मॅकमहनने.

१९८२ मध्ये त्याने ईशान्येकडची हद्द, म्हणजेच डब्ल्यूडब्ल्यूएफ, आपल्या वडिलांकडून आणि त्यांच्या भागीदारांकडून विकत घेतली. आपला बेत माहीत असता तर वडिलांनी विकलीच नसती, असे पुढे त्यानेच सांगितले. बेत होता सगळ्या हद्दी मोडण्याचा. केबल आणि उपग्रहामुळे एक कार्यक्रम देशभर दिसू शकत होता. मग शहरांच्या सीमांना अर्थ काय राहिला? तो इतरांच्या गावातल्या वाहिन्यांना पैसे देऊन तिथली वेळ घेऊ लागला आणि त्यांचे उत्तम मल्ल पळवू लागला. मिनियापोलिसहून हल्क होगन आणला आणि २३ जानेवारी १९८४ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याला विजेता केला. त्याच जुलैत जॉर्जियाच्या कुस्ती कंपनीचे बहुसंख्य शेअर विकत घेऊन तिची दूरचित्रवाणीवरची जागा ताब्यात घेतली. एका शनिवारी संध्याकाळी दक्षिणेतल्या प्रेक्षकांनी टीव्ही लावला, तर त्यांचे मल्ल गायब आणि समोर न्यूयॉर्कचा माणूस. लोकांनी चिडून फोन आणि पत्रांचा भडिमार केला. ती वेळ पुढच्या वर्षी मॅकमहनने सुमारे १० लाख डॉलरला जिम क्रॉकेट या आयोजकाला विकली. ३१ मार्च १९८५ ला पहिली रेसलमेनिया झाली. सिंडी लॉपर, मिस्टर टी, पाहुणा पंच म्हणून मुहम्मद अली. कुस्तीशी संबंध नसलेला मोठा वर्ग त्या रात्री या खेळाकडे वळला. तिकिटाच्या जोडीला खेळणी, टी-शर्ट, चित्रफिती आल्या. १९८७ ची तिसरी रेसलमेनिया पाँटिअकच्या स्टेडियममध्ये झाली, तेव्हा कंपनीने ९३,१७३ प्रेक्षकांचा आकडा जाहीर केला. तो फुगवलेला होता असे मानणारे जाणकार आहेत. या धंद्यात गर्दीचा आकडाही विक्रीचाच माल असतो.

खेळणी विकायची तर नाव पक्के हवे. आणि इथून मालकीचा प्रश्न मल्लाच्या अंगाला येऊन भिडतो. ‘हल्क’ या नावावर मार्व्हल कॉमिक्सचा हक्क असल्याने त्या कंपनीशी करार करून वस्तूंच्या विक्रीत तिला वाटा द्यावा लागला. म्हणजे जगातला सर्वांत प्रसिद्ध मल्ल आपल्या नावाने वावरत होता ते परवानगीने. १९९६ मध्ये स्कॉट हॉल आणि केव्हिन नॅश हे दोघे प्रतिस्पर्धी कंपनीत गेले. रिंगमध्ये ते ‘रेझर रॅमोन’ आणि ‘डीझेल’ होते. काही महिन्यांत मॅकमहनच्या कंपनीने दोन वेगळी माणसे उभी केली, त्यांना तेच कपडे घातले आणि तीच नावे दिली. नावे आमची, माणूस कुठलाही चालेल, असा तो जाहीर संदेश होता. प्रेक्षकांनी तो स्वीकारला नाही, याचा मला आजही आनंद वाटतो. उलट टोकाचे उदाहरण २०२४ चे. ‘द रॉक’ या नावाची मालकी ड्वेन जॉन्सनला मिळाली. पण तेव्हा तो हॉलिवूडचा बडा नट होता आणि कंपनीच्या संचालक मंडळावर येत होता. आपले नाव आपल्याला मिळायला मल्लाला मल्लापेक्षा फार मोठे व्हावे लागले.

या इतिहासात एकजुटीचा प्रयत्नच झाला नाही असे नाही. १९८६ मध्ये दुसऱ्या रेसलमेनियाच्या आधी जेसी व्हेंचुराने कपडे बदलायच्या खोलीत मल्लांपुढे युनियनची गोष्ट काढली. आपण संघटित व्हायचे असेल तर हीच वेळ आहे, कारण एवढ्या मोठ्या कार्यक्रमाआधी मालकाला नाही म्हणता येणार नाही, असा त्याचा मुद्दा होता. बातमी मालकापर्यंत लगेच पोचली. ती कुणी पोचवली हे व्हेंचुराला पुढे कोर्टाच्या कामकाजात कळले: हल्क होगनने. ज्या दाव्यात हे बाहेर आले, तो चित्रफितींच्या मानधनाचा होता. आपला आवाज आणि चेहरा असलेल्या फिती विकल्या जातात, त्यातला वाटा आपल्याला का नाही, हा साधा सवाल. ज्यूरीने त्याला ८ लाखांहून अधिक डॉलर दिले आणि १९९५ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल कायम ठेवला. तीन वर्षांनी हा माणूस मिनेसोटाचा गव्हर्नर म्हणून निवडून आला. युनियन मात्र उभी राहिली नाही.

नव्वदीच्या दशकातल्या ‘सोमवारच्या युद्धा’वर इतके लिहिले गेले आहे की इथे त्याची धावती नोंद पुरेल. टेड टर्नरच्या डब्ल्यूसीडब्ल्यूने १९९५ पासून मॅकमहनच्या कार्यक्रमासमोरच आपला कार्यक्रम लावला, सलग ८३ आठवडे त्याला मागे टाकले, आणि टर्नरची कंपनी मोठ्या विलीनीकरणात गेल्यावर २००१ मध्ये तीच कुस्ती कंपनी मॅकमहनने अगदी किरकोळ किमतीत उचलली. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो १९ ऑक्टोबर १९९९ हा दिवस. त्या दिवशी डब्ल्यूडब्ल्यूएफचे १ कोटी शेअर १७ डॉलर दराने बाजारात आले. जत्रेतल्या तंबूत जन्मलेला धंदा शेअर बाजारात पोचला. दर तीन महिन्यांनी नफा दाखवायचे बंधन आले, आणि कथानकेही त्या हिशेबाला बांधली गेली.

शेअर विक्रीच्या पाचच महिने आधी, २३ मे १९९९ ला, कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट मरण पावला. छतावरून दोरीने रिंगमध्ये उतरण्याचा प्रवेश होता. दोरीची कडी सुटली आणि तो सुमारे ७८ फुटांवरून खाली आदळला. त्याला बाहेर नेले, थोडा वेळ गेला, आणि उरलेला कार्यक्रम पार पाडण्यात आला. त्याच्या कुटुंबाने दावा लावला, १८० लाख डॉलरवर तडजोड झाली. कुस्तीच्या कौशल्याचा त्या प्रवेशाशी काहीही संबंध नव्हता. तो निव्वळ देखावा होता, आणि तो माणूस तीन-चार डाव अप्रतिम मारू शकणारा, खानदानी कुस्तीगीर होता. हे प्रकरण लिहिणे मला फार जड गेले.

देहाचा हिशेब अशा एका रात्रीपुरता नाही. पेन्सिल्व्हेनियात राज्यानेच नेमलेला रिंगवरचा डॉक्टर जॉर्ज झहोरियन मल्लांना स्टेरॉइड विकत होता. १९९१ मध्ये तो दोषी ठरला. स्टेरॉइडच्याच खटल्यात १९९४ मध्ये मॅकमहन निर्दोष सुटला. सरकारी देखरेख असती तर सगळे ठीक झाले असते, असा भाबडा दावा म्हणूनच मी करत नाही. पण देखरेख सदोष असणे आणि ती मुळातच नको म्हणून विधेयक आणणे, यांत फरक आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये एडी गेरेरो हा मल्ल ३८ व्या वर्षी हृदयविकाराने गेला, त्यानंतर कंपनीने औषध तपासणीचा कार्यक्रम सुरू केला. २००७ मध्ये क्रिस बेन्वा या मल्लाने पत्नी आणि मुलाला मारून आत्महत्या केली. त्याच्या मेंदूच्या तपासणीत वारंवारच्या आघातांची खूण सापडली. रिंगमधल्या दुखापतीच्या उपचारांचा खर्च कंपनी करते, हे सांगितलेच पाहिजे. तरीही करारात मल्ल हा ‘स्वतंत्र कंत्राटदार’ असतो. कुठे, कधी, कुणाशी लढायचे, कोणते कपडे घालायचे, काय बोलायचे, दुसरीकडे काम करायचे की नाही, हे सगळे कंपनी ठरवते. आणि आरोग्य विमा व निवृत्तीवेतनाचा विषय निघाला की तो स्वतंत्र होतो. हा करार म्हणजे बैल जुंपताना आपला आणि वैरण घालताना शेजाऱ्याचा. २००८ मध्ये तीन माजी मल्ल याविरुद्ध कोर्टात गेले. दावा फेटाळला गेला.

दरम्यान पैशाचा ओघ वाढतच गेला, आणि तो येण्याची वाट बदलली. २०१८ मध्ये सौदी अरेबियाशी दहा वर्षांचा करार झाला. जेद्दाच्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमात स्त्री मल्लांना रिंगमध्ये जागा नव्हती. सौदीतली त्यांची पहिली लढत ऑक्टोबर २०१९ मध्ये, पूर्ण अंग झाकून झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई (म्हणजे पूर्वीची डब्ल्यूडब्ल्यूएफ) आणि मिश्र मार्शल आर्ट्सची यूएफसी एकत्र करून टीकेओ ही कंपनी उभी राहिली, त्यात कुस्तीचे मूल्य ९.३ अब्ज डॉलर धरले गेले. जानेवारी २०२४ मध्ये एका माजी कर्मचारी स्त्रीने लैंगिक अत्याचाराचा दावा दाखल केल्यावर मॅकमहनने पद सोडले. आरोप त्याने नाकारले आहेत. त्याच महिन्यात ‘रॉ’ या साप्ताहिक कार्यक्रमाचे हक्क नेटफ्लिक्सला दहा वर्षांसाठी ५ अब्जांहून अधिक डॉलरला गेले. आता तिकीट हा उत्पन्नाचा छोटा भाग आहे. रिकामे सभागृहही चालू शकते, हे २०२० च्या साथीत दिसले: प्रेक्षकांशिवाय रेसलमेनिया झाली, कारण वाहिनीचे पैसे ठरलेले होते.

या बाजारात आपण आहोत. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारा सिंग आणि किंग काँग यांच्या फ्रीस्टाइल लढतींना मुंबईने गर्दी केली होती. १९६८ मध्ये त्याच मुंबईत दारा सिंगांनी लू थेझला हरवले. पुढे केबल आली, आणि डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पत्त्यांवर उंची-वजन वाचत एक पिढी मोठी झाली. २००७ मध्ये खली जगज्जेता झाला. मे २०१७ मध्ये पंजाबी वंशाच्या जिंदर महालला रँडी ऑर्टनवर विजय मिळाला, तो कंपनी भारतात ग्राहक शोधत होती म्हणूनच, असे माझे स्पष्ट मत आहे. तोवर तो बहुतेक लढती हरत असे. डिसेंबरात दिल्लीचा कार्यक्रम होता, पण नोव्हेंबरातच पट्टा एजे स्टाइल्सकडे गेला. २०२५ पासून हे सगळे भारतातही नेटफ्लिक्सवर दिसते. आपल्या डोळ्यांसाठी कथानके लिहिली जातात. मग ती कोण लिहितो आणि कशासाठी, हे आपल्याला ठाऊक हवे.

आणि आपल्या मातीतल्या कुस्तीलाही पैशाचा प्रश्न कधी सुटला नव्हता. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे केले, तालमींना आश्रय दिला. संस्थाने गेल्यावर ती जबाबदारी साखर कारखान्यांनी, दूध संघांनी आणि पुढाऱ्यांनी घेतली. जत्रेच्या मैदानात लोक फुकट बसतात, इनाम वर्गणीतून येते. आश्रयदाता बदलला की पैलवानाचा खुराक बदलतो, हे गंगावेस-मोतीबागेतल्या पोराला सांगावे लागत नाही. म्हणून लीगच्या कल्पनेला मी हसणार नाही. २०१५ मध्ये प्रो रेसलिंग लीग निघाली, पैलवानांचा लिलाव झाला, मुंबईचा संघ निघाला. चार हंगामांनंतर तिला मोठा खंड पडला. कुस्ती खरी होती, पैसा खरा होता, पण तो टिकला नाही. अशा लीगा पुन्हा येतील, आणि त्या यायला हव्यात.

त्या आल्या की तालमीतल्या वस्तादांनी, पैलवानाच्या आईवडिलांनी आणि गावातल्या एखाद्या वकिलाने करार मोठ्याने वाचून घ्यावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. मुलगा हंगामाबाहेर कुठे लढू शकेल, त्याचे नाव आणि त्याच्या कुस्तीची चित्रफीत कुणाच्या मालकीची राहील, खुबा निखळला तर दवाखान्याचे बिल कोण भरेल आणि किती वर्षे भरेल, हे कागदावर लिहिलेले नसेल तर सही करू नये. अमेरिकेतल्या मल्लांनी हे प्रश्न विचारायला उशीर केला, आणि आजही त्यांची एकही युनियन नाही.